नवा मार्ग, जुना खोळंबा

आमच्या शास्त्रकारांनीं व्यवहारांतील अनुभव साठवून ठेवण्यासाठीं जे लौकिक न्याय सांगितले, त्यांत घट्टकुटीप्रभात नांवाचा एक न्याय आहे. घट्टकुटी म्हणजे जकातीची चौकी. जकात चुकवावी म्हणून एक गाडीवान रात्रीं आडवाटेनें निघाला. रात्रभर खांचखळग्यांतून बैल हांकीत राहिला. आणि उजाडल्यावर पाहतो तों गाडी नेमकी त्याच चौकीच्या दाराशीं उभी! मुंबईच्या उपनगरांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे वेगवान मोटाररस्ते बांधण्यांत आले, त्यांचा विचार करूं लागलें म्हणजे हा गाडीवान आम्हांस वारंवार आठवतो.

प्रश्न साधा दिसतो. रस्त्यावर गर्दी झाली आहे, तर आणखी एक रस्ता बांधावा. गर्दी दोहोंत वांटली जाईल आणि दोन्ही रस्ते मोकळे होतील. शाळेंत हौदाच्या नळांचीं गणितें घालण्यांत आमचें अर्धें आयुष्य गेलें, तेव्हां या विचारसरणीचें मूळ आम्हांस परकें नाहीं. परंतु त्या गणितांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पाणी काढणारा नळ मोठा केला म्हणून पाणी सोडणारा नळ आपण होऊन मोठा होत नाहीं. रस्त्याच्या हौदांत नेमकें तेंच होतें.

उदाहरणासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. देवनार म्हटलें कीं जुन्या मुंबईकरांच्या डोळ्यांपुढें १९२७ पासूनचें तें कचऱ्याचें मैदान आणि १९७१ पासूनचा कत्तलखाना हीं दोनच उभीं राहतात. आमच्या वाचकांपैकीं फार थोडे तिकडे मुद्दाम फिरकले असतील. पण १३ जून २०१३ रोजीं पूर्व मुक्त मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, आणि शहराच्या नकाशांत या भागाचें स्थान पालटलें. दक्षिणेस ऑरेंज गेटाजवळ निघावें, गोदीच्या कडेनें उंचावरून आणिकपर्यंत यावें, टेकडीच्या पोटांतील सुमारें अर्ध्या किलोमीटरचा बोगदा ओलांडून पांजरापोळास उतरावें, अशी ही वाट. पुढच्याच वर्षीं, जून २०१४ मध्यें, ती घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यापर्यंत लांबविण्यांत आली. एकूण लांबी १६.८ किलोमीटर, मध्यें सिग्नल नाहीं, टोल नाहीं. चेंबूर-देवनारच्या ज्या मोटारवाल्यांस कोटांत पोहोंचण्यास तासावर वेळ मोडत असे, ते अर्ध्या तासाच्या आंतबाहेर पोहोंचूं लागले. हा लाभ खरा होता. तो नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल.

आतां पुढील हकीकत पाहावी. मुक्त मार्गावरून भरधाव आलेल्या मोटारी ज्या जोडरस्त्यावर उतरल्या, तो आधींच नवी मुंबईकडील वाहनांनीं आणि कचऱ्याच्या गाड्यांनीं भरलेला होता. त्यावर उपाय म्हणून त्या रस्त्यावर सुमारें ३ किलोमीटरचा उड्डाणपूल बांधण्यांत येऊन १ ऑगस्ट २०२१ रोजीं तो खुला झाला. गर्दी छेडानगरच्या चौकांत होतीच. तेथें २०२२ व २०२३ सालीं आणखी उड्डाणपूल झाले. आतां छेडानगरापासून ठाण्याच्या आनंदनगरापर्यंत सुमारें १३ किलोमीटरचा उंच मार्ग हातीं घेतलेला आहे. दुसऱ्या टोंकाची कथा निराळी नाहीं. ऑरेंज गेटाशीं मुक्त मार्ग संपतो तेथें मोटारींची रांग लागते. म्हणून तेथून मरीन ड्राइव्हपर्यंत ९ किलोमीटरांहून अधिक लांबीच्या भुयारी मार्गाची योजना झाली आहे. म्हणजे जो मार्ग कोंडी फोडण्यासाठीं बांधला, तो दोन्ही टोंकांनीं वाढवीत न्यावा लागत आहे, कारण कोंडी त्याच्या दोन्ही तोंडांशीं जाऊन बसली. चौकी तीच, दार तेवढें बदललें.

हें असें कां व्हावें? मुंबईसाठीं वेगवान मार्गांची मोठी योजना विल्बर स्मिथ या अमेरिकन मंडळीनें १९६३ सालीं मांडली आणि पूर्व मुक्त मार्गाचें बीज त्या योजनेंत आहे. योगायोग असा कीं, त्याच सुमारास, १९६२ सालीं, अमेरिकेंतीलच अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञानें गर्दीच्या वेळच्या वेगवान मार्गांविषयीं एक नियम मांडला. त्याचें म्हणणें आम्ही आमच्या शब्दांत सांगतों. नवा रस्ता मोकळा आहे असें कळतांच त्यावर तीन वाटांनीं वाहनें येतात. जे आजवर दुसऱ्या रस्त्यानें जात, ते इकडे वळतात. जे गर्दी टाळण्यासाठीं सकाळीं सातलाच घर सोडीत, ते आतां नऊला निघतात. आणि जे आगगाडीनें वा बसनें जात, त्यांपैकीं कांहीं मोटार बाहेर काढतात. हे तिन्ही ओघ केव्हां थांबतात? नव्या रस्त्यावर जुन्याइतकाच वेळ लागूं लागला म्हणजे!

याखेरीज चौथा ओघ संथ आणि सर्वांत बलवान आहे: घरांचा. रस्ता झाला कीं जाहिरातींत 'अमुक ठिकाणाहून इतक्या मिनिटांत' असे आंकडे झळकूं लागतात, उंच इमारती उठतात, आणि जो माणूस पूर्वीं त्या रस्त्यावर नव्हताच तो तेथें राहावयास येतो. चेंबूर-देवनारच्या बाजूस हें सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. २०११ सालीं ड्युरांटन व टर्नर या दोन विद्वानांनीं अमेरिकेंतील शहरांचे वीस वर्षांचे आंकडे तपासून निष्कर्ष काढला कीं, महामार्गांची लांबी ज्या प्रमाणांत वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणांत त्यांवरील मोटारींची धांवही वाढते. त्या निबंधांतील आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं, म्हणून आम्ही सांगतों. सार्वजनिक वाहनें वाढविल्यानेंही रस्त्यावरील मोटारींची धांव कमी झालेली त्यांस आढळली नाहीं. एक मोटारवाला आगगाडींत गेला कीं त्याची मोकळी झालेली जागा दुसरा घेतो. तेव्हां 'मेट्रो झाली कीं रस्ते रिकामे होतील' हें आश्वासनही तितकेंच भाबडें समजावें.

मग कांहींच करूं नये काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. प्रश्नच चुकीचा विचारला जातो, असें आमचें मत आहे. रस्त्यावरून किती मोटारी गेल्या हें मोजण्यापेक्षां किती माणसें इष्ट स्थळीं पोहोंचलीं हें मोजावें. वेगवान मार्गाच्या एका पट्ट्यावरून तासाला फार तर २००० मोटारी जाऊं शकतात. मोटारींत सरासरीनें दीड माणूस धरला तर तीं ३००० माणसें झालीं. हार्बर मार्गावर गोवंडी व मानखुर्द हीं स्थानकें देवनारच्या हाकेच्या अंतरावर आहेत. तेथून सकाळीं जाणारी १२ डब्यांची एकच लोकल यांहून अधिक माणसें घेऊन जाते, आणि तिच्यामागून कांहीं मिनिटांनीं दुसरी येते. तींत माणसांचे जे हाल होतात ते आम्ही जाणतों. पण खर्चाचा प्रश्न निघाला म्हणजे हे हाल कमी करण्यास पैसा मागें पडतो आणि मोटारीचा पट्टा पुढें होतो, याचेंच आम्हांस वाईट वाटतें. बेस्टची स्थिति पाहावी. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं तिच्या ताफ्यांत ४००० च्या वर बसगाड्या होत्या. आज ३००० ही उरलेल्या नाहींत. त्याच काळांत मुंबईंतील नोंदलेलीं वाहनें ४० लाखांच्या पलीकडे गेलीं. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर वा किनारी मार्गावर दुचाकीला आणि रिक्षेला मज्जाव आहे. म्हणजे ज्यांच्या घरीं मोटार नाहीं त्यांच्या वांट्यास तेथें बस येईल तेवढीच. आणि गोवंडी-शिवाजीनगरच्या ज्या वस्तीवरून हे पूल जातात, तिच्या वांट्यास पुलाखालची सांवली, धूर आणि रस्ता ओलांडण्याची पंचाईत!

कोंडी खरोखर कमी करणारा एक उपाय जगांत सिद्ध झालेला आहे, आणि तो कोणालाच आवडत नाहीं. तो म्हणजे गर्दीच्या वेळीं रस्ता वापरण्याचें मोल घेणें. सिंगापुरानें तें १९७५ सालीं सुरू केलें, लंडननें २००३ सालीं. स्टॉकहोम शहरानें २००६ सालीं आधीं कांहीं महिने प्रयोग केला; शहराच्या गाभ्यांत येणारीं वाहनें सुमारें एक पंचमांश घटलीं, आणि ज्या नागरिकांनीं आरंभीं विरोध केला त्यांनींच मतदानांत कौल दिला. आमच्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्यें मुंबईच्या पांचही प्रवेशद्वारांवरील हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. त्या नाक्यांवर रांगा लागत हें खरें, वसुलीविषयीं तक्रारी होत्या हेंही खरें. तरी मोटार स्वस्त करून मोटारी कमी होतील अशी अपेक्षा कोणीं करूं नये. गाडीवानाची जकात माफ झाली; आतां तो एकटा नव्हे, सारा गांव गाडी जुंपून निघेल.

हें सर्व सरकारचें झालें. पण या प्रश्नाचा एक धागा थेट आपल्या माजघरांत येतो, आणि त्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला. एकत्र कुटुंबांत जागा अपुरी पडते, धाकट्या चिरंजीवांचें लग्न होतें, आणि घरांत बोलणें निघतें कीं नव्या मार्गापलीकडे मोठें घर घ्यावें, 'बाबा, अर्ध्या तासाचा तर प्रश्न!' बाबा त्या अर्ध्या तासावर विश्वास ठेवून आयुष्याची शिल्लक घालतात. आठ-दहा वर्षांनीं तो अर्धा तास सव्वा तासाचा होतो. रात्रीं नऊला घरीं पोहोंचणारा मुलगा दर आदितवारीं आईबापांकडे येतां येतां सणावारींच येऊं लागतो. आणि नातवंडांस आजोबांचा आवाज फोनवरूनच ओळखीचा राहतो. याला मुलगा जबाबदार नाहीं, सून तर मुळींच नाहीं. घर घेतांना जें अंतर मोजलें तें रस्ता नवा असतांनाचें होतें.

म्हणून आमची सूचना अगदीं व्यवहारी आहे. नवी जागा पाहावयाची ती रविवारीं दुपारीं दलालाच्या मोटारींतून पाहूं नये. सोमवारीं सकाळीं नऊला तेथून कचेरीपर्यंत आणि संध्याकाळीं सातला कचेरीहून तेथपर्यंत, तोही पावसाळ्यांत, स्वतः एकदां प्रवास करावा. स्थानक किंवा बसचा थांबा पायीं किती दूर आहे तें सासूबाईंस बरोबर नेऊन पाहावें. मोटार चालविणारा माणूस घरीं नसतांना त्यांस देवळांत किंवा वैद्याकडे जातां येईल कीं नाहीं, हें त्यावरूनच कळेल. आणि जाहिरातींतील मिनिटांच्या दुपटीनें हिशेब करून तरीही तें घर परवडत असेल, तर खुशाल घ्यावें.

ठाण्याकडील नवा उंच मार्ग पुरा होईल तेव्हां त्याच्याही उद्घाटनाचे हार-तुरे होतील. त्यापूर्वीं नागरिकांनीं एकच मागणी लावून धरण्यासारखी आहे: पहिल्या दिवसापासून त्याचा एक पट्टा बससाठीं राखावा. आधीं मोटारींस दिलेला रस्ता मागाहून परत घेणें किती कठीण असतें, तें पुणेंकरांनीं २००६ सालीं कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बसची निराळी वाट आंखली तेव्हां अनुभवलें. नव्या रस्त्यावर अजून कोणाचा हक्क बसलेला नसतो, तेव्हां पट्ट्यासाठीं कोणाशीं भांडावें लागत नाहीं.