एकवीस दिवसांची पळी

नाताळचा द्राक्षारस उपवासकाळात घातला जातो, ही आपल्या समाजाची एक गोड विसंगतीच म्हणावयाची. नाशिकची द्राक्षे फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वस्त होतात, तेव्हा चिनी मातीच्या बरण्या माळ्यावरून खाली उतरतात आणि त्यांच्याबरोबर जुना वादही. यंदा घरभेटीस गेलो असता या वादापायी सासू-सुनेने अबोला धरलेला आम्ही पाहिला. सासूबाईंच्या मते एकवीस दिवस रोज लाकडी पळी फिरलीच पाहिजे. सूनबाईंच्या मते पहिल्याच दिवशी झाकण घट्ट बसवावे व पुन्हा हात लावू नये. निवाडा आमच्याकडे आला.

सूनबाई शिकलेल्या आहेत, तरी येथे त्या चुकतात. ठेचलेल्या द्राक्षांत साखर व यीस्ट पडले की कर्बवायू सुटू लागतो आणि तो साली वर उचलून धरतो. रंग व तुरटपणा त्या सालींतच असतो. वर कोरड्या पडलेल्या चोथ्यावर बुरशी धरते, सिरक्याचे जंतू वाढतात, आणि न विरघळलेली साखर तळाशी बसून राहते. शिवाय यीस्टला वाढीच्या आरंभी थोडी हवा लागतेच. फ्रान्समधील बरगंडीचे मद्यकार आजही चोथा खाली दाबतात, ते काही हौसेखातर नव्हे. घट्ट झाकणाविषयी तर बोलायलाच नको. नव्या द्राक्षारसाने जुने बुधले फुटतात हे प्रभूने सांगितले, तेव्हा त्याचे कारण श्रोत्यांना समजावून सांगावे लागले नव्हते. काचेच्या बरणीचीही तीच गत होते.

मात्र सासूबाईंचा विजय येथेच संपतो. पहिला जोर आठवडाभरात ओसरतो. बुडबुडे मंदावले, चोथा खाली बसू लागला, की द्राक्षारसावरचे कर्बवायूचे पांघरूण विरळ होते. त्यानंतर फिरविलेली प्रत्येक पळी आत हवा नेते. द्राक्षारसाचा सिरका होतो तो हवेवर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, हे लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकातच दाखवून दिले आहे, आणि आपल्याकडील उकाडा त्या जीवांना भलताच मानवतो. मग एकवीस दिवसांचा हा हट्ट कशासाठी? आईने केले म्हणून, आजीने केले म्हणून! या आकड्याला कसलेही पावित्र्य नाही. आम्ही स्वतः तरुणपणी एका धर्मग्रामात तो निष्ठेने पाळला आणि नाताळच्या सकाळी पाहुण्यांपुढे पेल्यांतून सिरका ठेवला. त्यांनी तो स्मितहास्य करून प्याला, हे अधिक लाजिरवाणे.

(वेदीवरच्या द्राक्षारसाची गोष्ट निराळी. १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या ९२४ व्या कलमानुसार तो वेलीच्या फळाचा, नैसर्गिक व न बिघडलेला असावा लागतो. गहू-साखर घातलेली आपली बरणी तेथे मुळीच चालत नाही. कोणी प्रेमाने आणून देऊ नये.)

तेव्हा आमचा निवाडा असा : पहिले सहा-सात दिवस सकाळ-संध्याकाळ कोरड्या, उकळून घेतलेल्या पळीने चोथा खाली दाबावा व बरणीवर नुसते फडके बांधावे. बरणी गळ्यापर्यंत भरू नये, कारण ढवळताच फेस उसळतो. जोर ओसरला की गाळून घ्यावे, आता मात्र भांडे काठोकाठ भरावे, वायूला जेमतेम वाट राहील असे झाकण ठेवावे आणि पळी धुऊन ठेवून द्यावी.

सूनबाईंनी हे मान्य केले. सासूबाईंनी पळी अद्याप आपल्याच हाती ठेवली आहे.