पेणचे ‘पण’, रोह्याचे ‘राहा’

दिवाळी आली की माणसांबरोबर अक्षरेही अंगाने भरतात. फराळाच्या जाहिराती, नाटकांचे फलक, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, जिकडे पाहावे तिकडे लठ्ठ अक्षरांची चंगळ! त्यांतली एक जात मोठी ऐटबाज. उभी रेघ पहिलवानाच्या दंडासारखी आणि तिला जोडणारी रेघ केसासारखी बारीक.

ही जात मूळची विलायती. इटलीत पार्मा येथे बोडोनीने (१७४०–१८१३) जाड-बारीक रेघांचा हा खेळ मोठ्या नजाकतीने मांडला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या टाइप ओतणाऱ्यांनी जाड रेघ आणखी फुगवली, ती लॉटरीच्या आणि नाटकांच्या जाहिरातींसाठी. आपल्याकडे अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली ‘रोझा वन’ हा याच घाटाचा टाइप इंग्रजीबरोबर देवनागरीतही आणला.

असा टाइप मथळ्यात शोभतो. लहान आकारात, किंवा दुरून पाहताना, त्याची बारीक रेघ आधी नाहीशी होते. इंग्रजीत त्याने फारसे बिघडत नाही. ‘रोहा’ हे नाव इंग्रजीत लिहिले आणि एचचा आडवा दांडा पुसला गेला, तरी वाचणारा अडखळून का होईना, रोहाच वाचतो. मराठीत मात्र पंचाईत होते. ‘रोहा’वरची मात्रा गेली की उरते ‘राहा’, आणि ‘पेण’ची गेली की उरते ‘पण’! दोन्ही शब्द अस्सल मराठी. त्यामुळे काही हरवले आहे, ही शंकाच कोणाला येत नाही. रंगांच्या दुकानावरचा अनुस्वार उडाला, तर मालक रगांचा व्यापारी ठरतो.

आपल्या बोरूला हे ठाऊक होते. तिरप्या कापलेल्या बोरूने काढलेली मात्रा शिरोरेषेला टेकताना निमुळती होते, पण तिचे वरचे टोक चांगले भरदार असते. शिशाच्या खिळ्यांच्या काळात ही मात्रा खिळ्याच्या अंगाबाहेर डोकावे आणि छापता छापता मोडे. मग मुद्रितशोधक भिंग घेऊन बसत. आता खिळे गेले, फ्लेक्स आले. मात्रा मोडत नाही. ती नुसती दिसेनाशी होते.

पेणच्या मूर्तिकारांकडे पाहा. गणपतीचे पोट कितीही मोठे असो, डोळ्यांची आखणी ते कसबी हाताकडेच सोपवतात. मूर्तीत जीव येतो तो त्या बारीक रेषेने. अक्षराचेही तसेच आहे. जाड रेघ गिऱ्हाइकाला हाक मारते, पण काय म्हणायचे आहे ते बारीक रेघ सांगते.

म्हणून वाचकहो, घरात लग्नपत्रिका छापायची असो वा दुकानाची पाटी करायची असो, नमुना आधी चार हात दूर धरा आणि मात्रा, अनुस्वार, रफार मोजून घ्या. त्यांपैकी एक जरी दिसला नाही, तर टाइप कितीही देखणा असला तरी तो बदलायला सांगा. नाहीतर पाहुणे रोह्याला यायचे, ते आहेत तेथेच राहायचे!