शिबिराचे सात दिवस आणि पदवीची तीन वर्षे

राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर आटोपून विद्यार्थी परतले म्हणजे त्या गावात मागे काय उरते, याचा विचार आमच्या सावनेर तालुक्यातील महाविद्यालयांनी आणि ग्रामगीताकारांचे नाव धारण करणाऱ्या नागपूर विद्यापीठाने गांभीर्याने करावा, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. तिच्या दशकभर आधी चिंतामणराव देशमुखांच्या समितीने महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकास नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा सक्तीची करावी अशी शिफारस केली होती, ती खर्चाच्या सबबीवर दप्तरदाखल झाली. आज स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास द्यावेत असा दंडक आहे. प्रभातफेरी, श्रमदान, दुपारचे बौद्धिक यांचे संस्कारमूल्य मी मुळीच नाकारीत नाही. परंतु ज्याला आपण वर्षभर रसायनशास्त्र शिकवतो, त्याच्या हाती गावात गेल्यावर केवळ फावडे आणि घमेले द्यावे, हा विद्येचा अपव्यय होय.

ब्युरेटमधून थेंब थेंब ईडीटीए सोडीत असता लालसर द्रावण निळे झाले की पाण्याची दुष्फेनता कळते, बी.एस्सी.चा विद्यार्थी हा प्रयोग नळाच्या पाण्यावर करतो, वहीत उतरवतो आणि विसरतो. तेच पाणी दत्तक गावच्या हातपंपाचे का असू नये? बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी, तीवर ठिकाण व तारीख लिहावी, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असे दरसाल नमुने घ्यावेत, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. वाणिज्य शाखेने बचत गटांचा जमाखर्च पाहावा. कला शाखेने सातबारा व वारसनोंदीचे अर्ज लिहून देत तलाठी कचेरीचा कारभार समजून घ्यावा. कपाशी, संत्री, कोळसा आणि मँगनीजच्या खाणी, खापरखेड्याचे वीजकेंद्र, एवढे सारे ज्या तालुक्यात आहे तेथे अभ्यासाला विषयांची वाण पडणार नाही.

गुण दिले की सेवाभाव मरतो, असा आक्षेप सज्जन मंडळी घेतात. गुण सेवेला नकोतच. ते नोंदींच्या अचूकतेला द्यावेत, कारण चुकीचा आकडा गावाला अज्ञानाहून घातक ठरतो. प्राध्यापकांवरील भाराची तक्रार मात्र रास्त आहे. एकट्या कार्यक्रम अधिकाऱ्याच्या माथी सारे मारणे अन्यायाचे असल्याने ही जबाबदारी प्रत्येक विभागाने वाटून घ्यावी. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्रप्रकल्प व समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागल्याने त्यासाठी नवा हुकूम निघण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.

दत्तक गाव किमान पाच वर्षे बदलू नये आणि तेथील नोंदवही पुढच्या तुकडीच्या स्वाधीन करावी, एवढे दोन नियम आमच्या महाविद्यालयांनी येत्या सत्रापासून करावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सावनेर (जि. नागपूर)