शिकारीआधीचा नकाशा

शिकारीच्या लेखनाकडे आपण दोनच नजरांनी पाहत आलो आहोत. एक साहसाची, दुसरी हिंसेची. कॉर्बेटच्या मराठी अनुवादांची चर्चा निघाली की विद्यार्थीही याच दोन बाकांवर वाटून बसतात. दोन्ही नजरा बंदुकीवर खिळलेल्या असतात, ही आमची तक्रार आहे. शिकारीतला अर्थपूर्ण भाग पुष्कळदा बंदूक उचलण्याच्या आधी, आखणीत असतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील उंच वाळवंटात, सार्वजनिक जमिनीवर होणारी एल्कची शिकार हे त्याचे उत्तम उदाहरण ठरावे.

एल्क हा आपल्या सांबराचा थोरला नातलग. नराचे वजन तीनशे किलोंच्या घरात जाते. वायोमिंगमधील रेड डेझर्ट हा समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवरचा कोरडा प्रदेश. तेथे मैलोन्‌मैल सेजब्रशची करडी झुडुपे पसरलेली आहेत. ही झुडुपे आपल्या दवण्याच्याच कुळातली. एरवी डोंगररानात रमणारा एल्क येथे उघड्या माळावर राहतो. त्यामुळे आखणी करणाऱ्याला झाडोऱ्यापेक्षा झरे, गुरांसाठी बांधलेली तळी आणि वाऱ्याची दिशा यांचा विचार आधी करावा लागतो. शिकार शरदातली, पण परवान्याचा अर्ज हिवाळ्यातच भरावा लागतो. परवाने सोडतीने मिळतात आणि परराज्यातला माणूस त्यासाठी वर्षानुवर्षे गुण साठवत बसतो. शिवाय खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा तेथे गुन्हा आहे. एवढे मांस पाठीवरून, अनेक खेपा करून गाडीपर्यंत आणायचे. तेही उन्हात नासण्यापूर्वी. म्हणून जाणता शिकारी कोठवर जायचे नाही, समोर आलेले जनावर कोणत्या ठिकाणी मारायचे नाही, हे घरीच ठरवून ठेवतो. साहसकथेत हा संयम सहसा उतरत नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही घडत नाही.

आखणीतले सर्वांत बोलके साधन मात्र नकाशा आहे, आणि तोही मालकीचा. केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाकडे सुमारे २४ कोटी ५० लाख एकर जमीन आहे आणि तिच्यावर कोणीही जाऊ शकतो. पण १८६२च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना लोहमार्गालगतचे चौरस मैल एकाआड एक दिले गेले, आणि दक्षिण वायोमिंगचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा झाला. सरकारी चौकटी एकमेकींना फक्त कोपऱ्यात भेटतात. या कोपऱ्यावरून ओलांडताना पाय सार्वजनिक जमिनीवर पडला, तरी खांदा खासगी हवेतून जातो! २०२० आणि २०२१ साली मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी एल्क मौंटन येथे असे कोपरे ओलांडले. दुसऱ्या वर्षी तर जमिनीला स्पर्श होऊ नये म्हणून शिडीही आणली. २०२२ साली ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. जमीनमालकाने लक्षावधी डॉलरांचा दिवाणी दावा लावला. मार्च २०२५मध्ये दहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने, कुंपणांविरुद्धच्या १८८५च्या कायद्याचा आधार घेऊन, शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला.

आपल्याकडे १९७२च्या कायद्यापूर्वीची शिकार बहुतांशी राजे, संस्थानिक आणि साहेबांची होती. मचाणावरच्या एकाचे नाव पुस्तकात आले, हाकाऱ्यांची नावे आली नाहीत. शिकारकथेतला आपल्याला खुपणारा दर्प हिंसेइतकाच या मालकीचाही आहे, असे आम्हांला वाटते. सोडतीत नशीब आजमावणारा, स्वतःचे ओझे स्वतः वाहणारा शिकारी हा अगदी निराळ्या कथेचा नायक आहे. त्याचा गौरव करावा असे आमचे म्हणणे नाही. प्राणी शेवटी मरतोच. शिवाय ‘सार्वजनिक’ हा शब्दही तेथे निरागस नाही. ही भूमी आधी शोशोनी, क्रो इत्यादी लोकांची होती. २०१४ साली बिगहॉर्नच्या अरण्यात एल्क मारल्याबद्दल एका क्रो शिकाऱ्यावर वायोमिंगने खटला भरला. १८६८च्या तहाने दिलेला शिकारीचा हक्क वायोमिंग राज्य झाल्यामुळे संपलेला नाही, हे ठरायला २०१९ साल उजाडले, आणि तेही पाच विरुद्ध चार मतांनी.

तरीही, जून २०२५मध्ये सार्वजनिक जमिनींचा काही भाग विकण्याचा प्रस्ताव सेनेटमध्ये आला, तेव्हा निसर्गप्रेमींच्या जोडीला शिकारीही आवाज उठवून उभे राहिले, आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. ‘गायरान’ हा शब्द ज्यांच्या भाषेत आहे, त्यांना यातले मर्म समजावून सांगण्याची गरज नसावी. गायरानाचा सातबारा आपण साहित्याच्या वर्गात कधी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

दहाव्या मंडळाचा निकाल सहा राज्यांपुरता आहे. मोंटाना त्या कक्षेत येत नाही. तेथे यंदाच्या शरदाची आखणी करणाऱ्याच्या नकाशावर तो कोपरा अजूनही शंकेचाच आहे.