बॅकअप आहे म्हणे!

सायबर हल्ला झाला की आमचे साहेब आधी हल्लेखोराचं मोठेपण सांगतात. टोळी म्हणे फार पोचलेली, बहुधा परदेशातली. जणू तगड्याकडून मार खाल्ला की आपलाही मान वाढतो!

डिसेंबर 2023 मध्ये मध्य प्रदेशाच्या ई-नगरपालिका यंत्रणेवर हल्ला झाला. राज्यात 413 नगरसंस्था आणि मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले असं सगळं एकाच खुंटीला टांगलेलं. खुंटी निखळली, खिडक्या बंद. चोर पोलिसांनी शोधावा. मी भोपाळचा करदाता. मला फक्त विचारायचंय, पुन्हा उभं राहायला दिवस का मोजावे लागले?

उत्तर पाठ आहे: बॅकअप आहे. असेल हो! 2 डिसेंबर 1984 च्या रात्री विषारी वायू गळाला, तेव्हा भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातही सगळं होतं. एमआयसी या विषारी रसायनाच्या टाकीसाठी शीतकरण होतं, ते काही महिन्यांपासून बंद. वायू जाळायचा मनोरा होता, त्याचा पाइप काढून ठेवलेला. पाण्याचे फवारे होते, ते गळतीच्या उंचीपर्यंत पोचेनात. कागदावर कारखाना सुरक्षितच होता. हजारो माणसं गमावलेल्या या शहरात तरी 'व्यवस्था आहे' हे वाक्य उच्चारताना जीभ अडखळायला हवी.

अडखळत नाही. 12 जून 2023 ला भोपाळमधलं सरकारी कार्यालयांचं सतपुडा भवन पेटलं, मजल्यामागून मजला गेला, आरोग्य खात्याच्या फायलींची राख झाली. नऊ महिने होतात न होतात तोच, 9 मार्च 2024 ला, खुद्द वल्लभ भवनात, म्हणजे राज्याच्या मंत्रालयात आग! आग काय नि डेटाला कुलूप घालून खंडणी मागणारं रॅन्समवेअर काय, दुसरी प्रत दुसऱ्या जागी नसेल तर राखच उरते. आणि बॅकअप त्याच नेटवर्कला जोडलेला असेल, तर रॅन्समवेअर त्यालाही कुलूप घालतं. 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे 5 सर्व्हर गेले, सुमारे 1.3 टेराबाइट डेटा अडकला. नेटवर्कचे विभाग नीट पाडलेले नव्हते, हे सरकारनेच संसदेत सांगितलं. एवढं नावाजलेलं रुग्णालय दोन आठवडे कागद-पेनावर चाललं.

वापरून न पाहिलेला बॅकअप ही निव्वळ अफवा आहे. तेव्हा वाचकहो, आपापल्या नगरपालिकेला माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारा: बॅकअपवरून अख्खी यंत्रणा पुन्हा उभी करून शेवटची कधी पाहिली, तारीख द्या. अर्जाला 10 रुपये लागतात.