नदीची हद्द

शेताला बांध असतो, घराला कुंपण असते, गावाला शीव असते. मग नदीलाच हद्द का असू नये? पांढुर्णा व सौंसर येथील विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनी या प्रश्नाचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

पूर आणि किनारा हे कोकणाचे प्रश्न, आपण तर सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारे, असे पुष्कळांचे मत आहे. समुद्रकिनाऱ्यासाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी १९९१ मध्ये नियम केले आणि भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध घातले. ते नियम २०११ व २०१९ साली बदलले, तरी सागराची हद्द कागदावर आली ती आलीच. त्याच वर्षी, ३० जुलै १९९१ रोजी, आपल्या शेजारच्या नरखेड तालुक्यातील मोवाड गावावर वर्धा नदीचा पूर लोटला आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. वर्धेचा उगम समुद्राजवळ नव्हे, तर आपल्याच शेजारी मुलताईच्या परिसरात आहे. डोंगरउतारावरची नदी लहान दिसते, परंतु ती अकस्मात चढते, हा मोवाडचा धडा होय.

महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखण्याची पद्धत आहे. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते, दोहोंच्या मध्ये निर्बंध असतात. पूरक्षेत्राच्या कायद्याचा नमुना केंद्राने १९७५ सालीच सर्व राज्यांकडे धाडला होता. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्याच राज्यांनी तो मनावर घेतला. त्यांत आपल्या मध्यप्रदेशाचे नाव नाही. पाणथळ जागांसाठी २०१७ चे नियम आहेत खरे, परंतु त्यांतून नदीचे पात्र व सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. म्हणजे जी जलाशये आपल्या नित्याच्या परिचयाची, तीच बहुधा या संरक्षणाबाहेर राहतात!

तथापि कायद्याची वाट पाहत हातावर हात ठेवून बसणे योग्य नव्हे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगररचना व बांधकामाचे नियमन ही नगरपालिकेची कामे म्हणून नोंदली आहेत. गावतळी ही सर्व समाजाची संपत्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली स्पष्ट केले आहे. २०२३ साली आपला पांढुर्णा जिल्हा नव्याने निर्माण झाला. नव्या जिल्ह्याची वस्ती वाढणार, नवे रस्ते व नव्या इमारती होणार. रेषा आखावयाची ती आताच. घरे उभी राहिल्यावर रेषा आखणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

यावर कोणी म्हणेल की, काठावर राहणारा गरीब मग जाईल कोठे? हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच रेषेचा पहिला उपयोग नवी बांधकामे रोखण्यासाठी व्हावा. जी कुटुंबे आज तेथे आहेत, त्यांना दुसरी जागा दिल्यावाचून हलवू नये, आणि गरिबाला एक न्याय व धनिकाला दुसरा, असे तर मुळीच होऊ नये. शिवाय रेषेच्या आतील जमीन वाया जात नाही. तेथे क्रीडांगण होईल, बाग होईल, आठवड्याचा बाजार भरेल. पूर आला तर या गोष्टी चार दिवस थांबू शकतात, घर थांबू शकत नाही.

रेषा केवळ नकाशात असूनही भागत नाही. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरची दैना सर्वांनी पाहिली. ती रेषा लोकांच्या डोळ्यांपुढे हवी. येथे विद्यार्थ्यांना मोठे काम करता येईल. कोणत्या वर्षी पाणी कोठवर आले होते, हे घरच्या आजी-आजोबांना विचारावे, गुरुजनांच्या साहाय्याने त्याची नोंद करावी आणि ती नगरपालिकेस व ग्रामपंचायतीस सादर करावी. त्या खुणा शाळेच्या, चावडीच्या भिंतींवर रंगवून ठेवाव्यात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीसाठी पांढुर्णा व सावरगाव जामनदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभे राहतात. नदीची हद्द राखण्यासाठी मात्र या दोन्ही काठांनी एका बाजूस उभे राहिले पाहिजे. आपली जागा ओळखण्यास नदीला नकाशा लागत नाही. तो लागतो आपणांस, आणि तो पूर येण्यापूर्वी लागतो.