काचपेटीतील लाकूड

शाळेच्या विज्ञानकक्षात, आणि अलीकडे पुष्कळ घरांच्या दिवाणखान्यांतही, माशांची काचपेटी ठेवण्याची हौस वाढत चालली आहे. ही हौस चांगली आहे. तिच्याविरुद्ध बोलण्याचे काही कारण नाही. परंतु पेटीत मासे सोडण्यापूर्वी तिची जी सजावट होते, तिच्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहावेत असे वाटते. भडक रंगाचे खडे, ज्याच्या दारातून एकही मासा आत शिरू शकत नाही असा सिमेंटचा किल्ला, आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या, हा सारा सरंजाम बाहेरून पाहणाऱ्यासाठी असतो. आत राहणाऱ्याचा विचार त्यात क्वचितच केलेला असतो. त्याऐवजी एखादे वळणदार लाकूड ठेवावे, हे मत आता रूढ होत आहे व ते योग्यच आहे. लाकडाच्या आडोशाला भित्रा मासा विसावतो; त्याच्या अंगावर शेवाळ आणि सूक्ष्म जीव वाढतात व ते लहान मासे दिवसभर टिपून खातात. मात्र लाकूड निर्जीव असले तरी पाण्यात ते स्वस्थ बसत नाही. त्याच्या पोटात जे असते ते हळूहळू पाण्यात उतरते. म्हणून ते कोठून आणावे आणि कसे सिद्ध करावे, हा प्रश्न शोभेचा नसून माशांच्या जीविताचा आहे.

आपल्या गोमंतकात ह्या प्रश्नाचे उत्तर फार सोपे आहे अशी पुष्कळांची समजूत दिसते. पावसाळा सरला की समुद्रकिनारी हवी तितकी लाकडे येऊन पडतात. मांडवी, झुआरी, शापोरा, तेरेखोल ह्या नद्यांनी डोंगरातून ओढून आणलेल्या त्या फांद्या आणि मुळे लाटांनी घासून अशी काही गुळगुळीत केलेली असतात की, कोणाही मुलाला ती उचलून घरी न्यावीशी वाटावी. पण गोड्या पाण्याच्या पेटीला ती बहुधा निरुपयोगी होत. महिनोन् महिने खारे पाणी प्यालेल्या लाकडातून मीठ एका दिवसात निघत नाही. दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे प्रयोगशाळेत स्वतःच पाहावे. लाकूड ज्यात भिजत घातले आहे त्या पाण्यात शिक्षकांच्या देखरेखीखाली सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकावेत, आणि शेजारच्या परीक्षानळीत तेच साधे पाणी घेऊन तुलना करावी. दह्यासारखा पांढरा साका कोणत्या नळीत किती दाट येतो, त्यावरून लाकडातील मिठाचा अंदाज येतो. पाणी वरचेवर बदलीत कित्येक आठवडे, प्रसंगी कित्येक महिने, ही परीक्षा चालू ठेवण्याची तयारी असेल तर किनाऱ्यावरच्या लाकडाची गोष्ट बोलावी. त्याला चिकटलेले शिंपले पाण्यात चुना सोडतात, तेव्हा तेही खरवडून काढावे लागतात. शिवाय जे लाकूड समुद्री किड्याने आरपार पोखरले आहे (हा ‘किडा’ वस्तुतः शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे), त्याच्या बोगद्यांत काय कुजत असेल ते बाहेरून दिसत नाही.

खाडीकाठच्या खारफुटीची मुळे तोडून आणणे ही तर सरळसरळ वाईट गोष्ट आहे. चोडण बेटावरील डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य १९८८ साली झाले, ते ह्याच वनस्पतींच्या आश्रयाने. माशांच्या आणि कोळंबीच्या पिलांना ह्याच मुळांच्या जाळीत आसरा मिळतो. पेटीतल्या चार माशांना आडोसा हवा म्हणून खाडीतल्या असंख्य पिलांचा आडोसा तोडावा, हा न्याय आम्हांस तरी पटत नाही. अभयारण्याच्या हद्दीतून वाळकी फांदीदेखील परवानगीवाचून आणता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तसे बंधन घातले आहे.

मग लाकूड आणावे कोठून? दुकानांत मलेशियातील किंवा आफ्रिकेतील मोपानी वृक्षाचे लाकूड विकत मिळते. ते जड असते, पाण्यात तळाशी बसते, पण महागही असते. आमच्या मते परसातील पेरूची, म्हणजे कोंकणीत आपण ज्याला ‘पेर’ म्हणतो त्याची, झाडावरच पूर्ण वाळलेली फांदी उत्तम. ती कठीण असते, तिला सुरेख वळणे असतात आणि तिच्यावर पैसा खर्चावा लागत नाही. आंबा, काजू, फणस अशी चीक गाळणारी झाडे टाळावीत; कण्हेर तर विषारीच. खोक्यांच्या फळ्या राळेच्या लाकडाच्या असतात, आणि रंग किंवा वाळवीचे औषध लागलेले लाकूड कितीही धुतले तरी त्याचा भरवसा धरू नये. ओली फांदी कधीच घेऊ नये. तिच्यातील रस पाण्यात कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो. नखाने दाबून पाहावे: नख आत रुतले तर ते लाकूड चुलीसाठी ठेवावे.

निवडलेल्या फांदीची साल संपूर्ण काढून ती ताठ ब्रशाने साध्या पाण्यात घासावी. साबण वर्ज्य. नंतर मोठ्या टोपात तास दोन तास उकळावी. आपल्याकडे न्हाणीतले मोठे भांडे पुष्कळदा तांब्याचे असते; ते मात्र ह्या कामी घेऊ नये, कारण तांब्याचा अंश जलचरांना, विशेषतः गोगलगायींना, घातक असतो. उकळल्यावर लाकूड दगडाखाली दाबून बादलीत भिजत ठेवावे व पाणी बदलीत राहावे. वाळक्या लाकडाच्या छिद्रांत हवा असते, म्हणून ते आरंभी तरंगते. हवेची जागा पाण्याने घेतली की आपोआप बुडते. ह्याला दोन आठवडे लागतील किंवा दोन महिनेही लागतील. ज्यांना इतका धीर नाही ते लाकडाला पाटीच्या दगडाचा तुकडा न गंजणाऱ्या स्क्रूने जोडतात. त्याने लाकूड बुडते खरे, पण भिजण्याचे काम तसेच राहते.

ह्यानंतर दोन गोष्टींनी नवखा माणूस घाबरतो. पहिली, लाकडावर धरणारी पांढरी, बुळबुळीत साय. ती बुरशी व सूक्ष्म जंतूंची असते, लाकडातून पाझरणाऱ्या साखरेवर जगते आणि काही आठवड्यांत नाहीशी होते. ब्रशाने पुसली म्हणजे झाले. दुसरी, पाण्याचा चहासारखा रंग. हा रंग टॅनिनचा. हिरड्यात हेच द्रव्य विपुल असते व म्हणूनच तो कातडी कमावण्यास वापरीत आले आहेत. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसलेच पाहिजे हा आग्रह माणसाचा आहे, माशाचा नव्हे. दक्षिण अमेरिकेतील रिओ नेग्रो नदीचे पाणी असेच काळपट असते आणि लालबुंद कार्डिनल टेट्रा त्यातच वाढतो. फायटर मासा पाळणारे तर बदामाची वाळकी पाने मुद्दाम पाण्यात घालतात. आपल्या अंगणातल्या त्याच बदामाची, ज्याची पाने आपण रोज केरात टाकतो. परंतु हे सर्वांना मानवत नाही. टॅनिन पाण्याची आम्लता वाढविते. आणि जांभ्या दगडाच्या प्रदेशातील विहिरीचे पाणी बहुधा मृदू असल्याने त्यात ही आम्लता लवकर चढते. गप्पी आणि मॉली ह्या माशांना थोडे कठीण, अल्कधर्मी पाणी मानवते. त्यांच्या पेटीत लहानसे, पुष्कळ भिजवून रंग उतरलेले लाकूड ठेवावे आणि दर आठवड्यास पीएच कागदाने पाणी तपासावे.

थोडक्यात पाहता कामाचा मोठा भाग बादलीतच होतो. पुष्कळ शाळांतून संमेलन चार दिवसांवर आले की पेटीची आठवण होते, कोणी तरी लाकूड धावतपळत आणते आणि पाहुणे येईपर्यंत ते पाण्यात पडलेले असते. पाहुणे गेल्यावर मासे मेले की दोष खाद्याला दिला जातो. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी भिजत घातलेली फांदी नाताळापर्यंत तयार होऊ शकते. तेवढी सवड नसेल तर नारळाची स्वच्छ खरवडलेली, उकळलेली करवंटी एका बाजूला भोक पाडून पालथी ठेवावी. मासे तिच्यातही शिरतात.